खाडीपासून निघालेले बाण

लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मी कधी मानले नाही. आयुष्यभर मी पाठांची टाचणे लिहिली, प्रगतिपुस्तकांतले शेरे लिहिले, आणि आता निवृत्तीला थोडी वर्षे उरलेली असताना, कुणीही सांगितलेले नसताना, पहिल्यांदाच काही लिहायला बसले आहे. ज्यांना भाषा वश आहे त्यांच्या पंगतीत मी आगंतुकासारखी येऊन बसते आहे याची मला जाणीव आहे. माझ्यापुढे पान मांडले नाही तरी माझी तक्रार असणार नाही. क्षमा मात्र आधीच मागून ठेवते.

निमित्त गावपळणीचे आहे. यंदा ग्रामदेवतेचा कौल झाला आणि मार्गशीर्षात गाव वेशीबाहेर जाणार, हे ठरले. आमच्या मालवण तालुक्यातल्या काही गावांत ही रीत आहे. काही वर्षांनी एकदा देवाने कौल दिला, की सगळा गाव घरांना कड्या घालतो, आणि गुरे, कोंबड्या, कुत्री-मांजरे, अंथरुणाला खिळलेली माणसे, पाळण्यातली पोरे, सगळ्यांना घेऊन वेशीबाहेरच्या माळावर झावळ्यांच्या खोपीत राहायला जातो. ठरलेले दिवस गावात माणसाचे पाऊल पडत नाही. तेवढे दिवस गाव देवाचा. आता अंगणाअंगणांतून झावळ्या विणण्याचा खसखस आवाज येऊ लागला आहे. मुलांना ही सहल वाटते. मलाही पूर्वी वाटत असे.

मी मूळची सावंतवाडीची. नोकरीने मला या खाडीकाठच्या गावात आणले आणि भूगोल-विज्ञान शिकवता शिकवता मी इथलीच झाले. या गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मागची गावपळण मी याच गावातली म्हणून काढली. तो हंगाम, म्हणजे मार्गशीर्षातल्या त्या माळापासून फाल्गुनातल्या शिमग्यापर्यंतचे दिवस, माझ्या मनातून अजून उठून गेलेला नाही.

रिकाम्या गावाचीही एक शांतता असते आणि ती ऐकू येते. पहाटे कोंबडे आमच्या कानाशी, माळावर आरवत. गावाच्या दिशेने काहीच येत नसे. ना रहाटाची कुरकुर, ना जात्यायेत्या एस.टी.चा भोंगा, ना देवळातली घंटा. खोपीच्या झावळ्यांवर दव साचून टपटपत राही. काजूच्या पाल्याचा धूर डोळ्यांत जाई, कुणाच्या तरी चुलीवर सुका बांगडा भाजलेला असे, आणि त्या वासात, त्या थंडीत, सगळा गाव एकमेकांच्या फारच जवळ आलेला असे. कोण कुणाशी बोलत नाही हेही खोपीच्या भिंतीतून कळे. सायंकाळी भजन होई. मी मागे बसून टाळ धरीत असे. मला गाता येत नाही.

दहावीची पूर्वपरीक्षा तोंडावर आली होती. शाळा गावात, म्हणजे बंद. मी मुलांना माळावरच्या एका जुन्या काजूखाली बसवू लागले. फळा नव्हता. त्यामुळेच मला संकल्पना-नकाशा जमिनीवर मांडण्याचे सुचले.

ही पद्धत मी एका प्रशिक्षणात शिकले होते. एक मुख्य कल्पना मध्ये मांडायची, तिच्याशी संबंधित कल्पना भोवती मांडायच्या, आणि त्यांना बाणांनी जोडायचे. प्रत्येक बाणावर एक छोटा शब्द लिहायचा. एक गोष्ट दुसरीला काय करते, हे सांगणारा. अडवते, भिजवते, वाढवते, खाते. ज्या बाणावर शब्द नाही तो बाण धरायचा नाही, आणि एकही वर्तुळ सुटे किंवा रिकामे ठेवायचे नाही, एवढेच नियम. आमची मुले गाईडमधली उत्तरे पाठ करून येत. खारफुटीवर टीप लिहा म्हटले की टीप घडाघडा म्हणत, पण त्यांच्याच घरामागच्या चिपीच्या झाडाला खारफुटी म्हणतात, हे त्यांना दाखवावे लागे. पाठ केलेली माहिती त्यांच्याजवळ पुष्कळ होती. ती एकमेकींना कुठेच टेकलेली नव्हती.

काजूखाली आम्ही जुन्या दिनदर्शिकांच्या पाठकोऱ्या तुकड्यांवर शब्द लिहिले. बाणांसाठी सुंभाचे तुकडे. मध्ये शब्द ठेवला, खाडी.

“बाई, खाडीक माझ्या आजयेचो बाण जोडूया,” ओंकार म्हणाला. ओंकार वर्गातला विनोदी मुलगा. “ती रोज खाडीक गाळी घालता.”

“मग शब्द काय लिहिशील?”

“शिव्या देता!”

सगळी हसली. तन्वी मात्र हसता हसता गुडघ्यांवर पुढे सरकून सुंभ नीट करीत होती. तन्वी ही न्हानूची मुलगी. न्हानू खाडीत होडी घालणारा, कालवे-खेकडे विकणारा. खाडीतल्या पाण्याची प्रत्येक वाट त्याला ओहोटीत आणि भरतीत सारखीच दिसे, असे लोक सांगत. तन्वीच्या घराण्यात दहावी कुणी झालेली नव्हती. तिला दहावी होऊन परिचारिका व्हायचे होते, आणि हे ती इतक्या हळू आवाजात सांगे की जणू दुसऱ्या कुणाची वस्तू मागते आहे. तो संकोच मला ओळखीचा होता.

तिने खाडीपासून चिपीला सुंभ जोडला, चिपीपासून खारे पाणी अडवणाऱ्या बांधाला, बांधापासून वायंगणी, म्हणजे उन्हाळी भाताला, भातापासून ओंकारच्या आजीला. मग मांड्या झाडून उठली आणि लांबून पाहत म्हणाली, “बाई, सुटा कायच नाय हा.”

या वाक्याने मला झालेला आनंद मी आजही नाकारू शकत नाही.

त्याच दिवसांत एका पहाटे गावाच्या बाजूने, खाडीतून, इंजिनाचा आवाज आला होता. धडधड, मग थांबून एक घरघर, बराच वेळ. माळावरच्या सगळ्या खोपींतून तो ऐकू गेला. गावातल्या जाणत्यांनी एकमेकांकडे पाहिले. वाळूच्या होड्या असणार, हे न बोलता सगळ्यांना कळले. एरवी गावाने त्या अडवल्या असत्या. बांधाच्या मुळाशी वाळू काढायला गावाचा विरोध होता. पण वेस ओलांडता येत नव्हती. “गाव देवाचो आसा,” कुणीतरी म्हणाले. “देव बघून घेतलो.” आणि माणसे चुलीकडे वळली. त्या दिवशी न्हानू खोपीत नव्हता. मालवणला बाजाराला गेला आहे, असे त्याच्या बायकोने सांगितले होते.

आम्ही गावात परतलो तेव्हा घरांना बंद पेटीसारखा वास येत होता. खाडीकाठी गेलेल्यांनी पाहिले, की बांधाखालचा काठ पोकळ झाला आहे. पौषातल्या उधाणाला बांध मधोमध बसला. खारे पाणी वायंगणात शिरले. कोवळे भात आधी पिवळे पडले आणि मग जळाल्यासारखे तांबूस झाले. काही दिवसांनी खालच्या वाडीतल्या विहिरींच्या पाण्याचा चहा खारट लागू लागला. चहा खारट लागतो, हे पहिल्यांदा म्हणायला कुणी तयार नव्हते. पाहुण्याने कप ठेवून दिला की घरधनीण मान खाली घाली.

वर्गात उजळणी चालू होती. माळावरचा नकाशा आम्ही आता खाकी कागदावर उतरवून भिंतीला लावला होता. नव्या खोलीची भिंत होती. रंगाचा वास गेला नव्हता. मुलांनीच म्हटले, “बाई, बांध फुटलो तो घालूया.” मी हो म्हटले. भूगोल आपल्या दारात आला असता त्याला पुस्तकाबाहेर ठेवणे मला योग्य वाटले नाही. बांध फुटला, विहीर खारट, भात जळले. बाण उलटे काढीत काढीत मुले मागे गेली. बांध कशाने बसला? काठ पोकळ झाला. काठ कशाने पोकळ झाला? वाळू गेली. वाळू कुणी नेली? तिथे एक रिकामे वर्तुळ उरले. वाळूच्या कंत्राटदाराचे नाव सगळ्यांना माहीत होते, पण तो तालुक्याच्या गावी राहणारा, आणि त्याच्या होड्यांना आमच्या बांधाकडच्या वाटा ठाऊक असण्याचे कारण नव्हते; त्या दाखवणारा गावातलाच कुणीतरी असणार होता.

मागच्या बाकावरून ओंकार म्हणाला, “तन्वी, तुझ्या बापाशीक इचार गो.”

कुणी हसले नाही. मी त्याला दटावले. विषय बदलावा म्हणून मी पुस्तक उघडले, तेवढ्यात तन्वी उठली. तिने माझ्या टेबलावरचे स्केचपेन घेतले आणि त्या वर्तुळात लिहिले, बाबा. बाणावर लिहिले, वाट दाखवतात.

मग ती तिथेच थांबली नाही. वाळू या शब्दापासून तिने नवा बाण काढला आणि त्याच्या टोकाला लिहिले, आमचा नवा वर्ग. मी चमकले. खरेच होते ते. ही खोली बांधायला वाळू त्या कंत्राटदाराने दिली होती. त्याचा सत्कारही आम्ही केला होता, हार मीच आणला होता. दुसरा बाण देवळाच्या सभामंडपाला. तिसरा तिने काढला नाही, पेन ओंकारकडे नुसते धरले. तो पुढे आला आणि त्याने लिहिले, आमच्या घराचा स्लॅब. मग एकेक उठू लागली. कुणाचा गोठा, कुणाच्या विहिरीचा कठडा, कुणाचे पर्यटकांसाठी बांधलेले खोल्यांचे घर. वाळूपासून इतके बाण निघाले की कागद पुरेना. मुलांना त्यात एक विचित्र उत्साह आला होता, आणि मी दाराशी उभी राहून, शिक्षिकेने ज्याची वाट पाहावी असे काहीतरी आपल्यासमोर घडते आहे, अशा भावनेने बघत होते.

त्या नकाशाचा फोटो कुणी काढला ते मला अजून कळलेले नाही. तो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला तेव्हा त्यात एक कोपराच होता. बाबा, वाट दाखवतात, वाळू, बांध. खाली तन्वीचे वळणदार अक्षर. बाकीचे बाण चौकटीबाहेर राहिले होते.

देवळात गावकी बसली. बायका बाहेर पायऱ्यांवर होत्या, मीही त्यांत. न्हानूने नाकारले नाही. “व्हय, वाट मी दाखवलंय,” तो म्हणाला. “पण वाळू खंय खंय गेली ती पण इचारा. आता आपण बसलो हत, तेच्या खाली काय आसा?” सभामंडपाच्या लादीकडे कुणी पाहिले नाही. कुणीतरी म्हणाले, “वाकडा बोलू नको, न्हानू. देवासमोर आसस.” त्याला नारळ ठेवून गाऱ्हाणे घालायला, म्हणजे देवापुढे चूक कबूल करून क्षमा मागायला, सांगितले. तो नारळ न ठेवताच उठला, आणि दोन-चार दिवसांत गोव्याच्या ट्रॉलरवर निघून गेला. कंत्राटदाराकडे कुणी गेल्याचे मी ऐकले नाही.

वाळीत टाकणे हा गुन्हा आहे हे गावाला माहीत आहे. म्हणून कुणी काही टाकले नाही. फक्त तन्वीची आई विहिरीवर आली की बाकीच्यांचे भरून झालेले असे. दुकानात तिच्या वेळी सुट्टे पैसे नसत. बाकावर तन्वीशेजारची मुलगी दुसरीकडे बसू लागली. तन्वी पूर्वपरीक्षेला दोन पेपरना आली आणि मग येईनाशी झाली.

मुख्याध्यापकांनी मला बोलावले. सज्जन माणूस. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “बाई, तुमचा हेतू चांगला होता. पण एवढं सगळं अभ्यासक्रमात आहे का?” दुसऱ्या दिवशी नकाशा भिंतीवर नव्हता. चिकटपट्टीबरोबर रंगाचे पोपडे निघाले होते, तेवढ्या जागी पुन्हा रंग लावला गेला.

मी तन्वीच्या घरी गेले. तिची आई ओसरीवर जाळे उसवत बसली होती. तिने मला बसायला पाट दिला, पाणी दिले, आणि ते मी प्यायच्या आत म्हणाली, “खारा लागतला हां, बाई.” मी परीक्षेचे बोलले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “जोडूक तुमी शिकयलास, बाई. माझ्या चेडवान जोडल्यान. आता ह्या सोडवूचा कसा, ता पण तुमीच शिकवा.” आवाजात राग नव्हता. मी पाणी प्यायले. खारे होते.

तन्वी आतल्या दाराआड होती. मी निघताना ती बाहेर आली. “बाई, त्या नकाशाक किती मार्क दिलात असतात माका?”

मी म्हटले, “पैकीच्या पैकी.” खरे तेच होते, आणि त्या घराच्या ओसरीवर ते किती निरुपयोगी वाटले, ते मला नीट सांगता येणार नाही.

ती बोर्डाच्या परीक्षेला बसली. केंद्र आमचीच शाळा होती, पण वाटेत मुले एकत्र चालत आणि तिला एकटीने यावे लागले असते, म्हणून मी तिला रोज स्कूटरवरून आणू लागले. ती मागे ताठ बसे, मला स्पर्श होऊ न देता. आंब्याचा मोहोर गळून बारीक कैऱ्या लागल्या होत्या, हवेत काजूच्या बोंडांचा आंबूस वास होता. मराठी झाला, गणित झाले, विज्ञानाचे दोन्ही पेपर झाले. विज्ञानानंतर ती पहिल्यांदा हसली. इतिहास झाला. शेवटचा भूगोल उरला होता आणि मध्ये शिमगा आला.

शिमग्यात नाव घेऊन बोंब मारायची मुभा असते आणि तिचा राग धरायचा नाही, असा संकेत आहे. वर्षभराचे मनातले त्या आगीत जावे म्हणून पूर्वजांनी ती वाट ठेवली असेल. त्या तिन्हीसांजेला होळीकडून निघालेला घोळका न्हानूच्या अंगणात थांबला. मी माझ्या खोलीच्या खिडकीतून ऐकले. ढोलाच्या एका थापेवर एक आवाज विचारी, “बाबा काय करतत?” आणि सगळे मिळून ओरडत, “वाट दाखवतत!” आणि मग बोंब. पुन्हा, पुन्हा. त्यात मी शिकवलेली मुले होती. त्यांचे आवाज मला ओळखता येत होते. माझ्या वर्गातला तो बाण, त्याच्यावरचा तो शब्द, इतक्या एकजिनसीपणे पाठ झालेला मी दुसरा कुठलाही शब्द ऐकलेला नाही.

भूगोलाच्या सकाळी मी स्कूटर घेऊन गेले तेव्हा दाराला कुलूप होते. मायलेकी पहिल्या गाडीने आरोंद्याला, तन्वीच्या आजोळी, गेल्या होत्या. परीक्षेच्या वर्गात तिच्या बाकावर उत्तरपत्रिका कोरीच राहिली आणि नियमाप्रमाणे मी तिच्या क्रमांकापुढे ‘गैरहजर’ लिहिले. प्रश्न सोपे आले होते.

मी अनेकदा विचार करते, की माणसे गोष्टी सुट्या ठेवतात त्याला काही शहाणपण असेल का. गाव म्हणजे एकाच खाडीवर जगणारी माणसे. त्यांनी प्रत्येक बाणावरचा शब्द मोठ्याने वाचायचे ठरवले, तर शेजाऱ्याच्या विहिरीवर पाणी भरता येईल का? पण मग हेही दिसते, की गाव नकाशा वाचायला शिकला नाही असे मुळीच नाही. त्याने तो उत्तम वाचला, आपल्याला परवडेल तेवढा. बांध पुढे डागडुजी करून उभा केला आहे. वायंगणात अजून पांढरी पापुद्र्यासारखी मिठाची साय येते. सभामंडपात यंदा पंखे बसवले. आणि मी? मी तेव्हापासून वर्गात नकाशा काढते तो पुस्तकातल्या गोष्टींचा. जलचक्र. अन्नसाखळी. मुलांना चांगले गुण मिळतात.

हे लिहायला बसण्याचे खरे कारण मी अजून सांगितले नाही. गेल्या आठवड्यात अनोळखी क्रमांकावरून फोन आला.

“बाई, मी तन्वी. वळाकलात?”

ती आरोंद्याजवळ काजूच्या कारखान्यात बिया फोडते. बोलताना तिने सांगितले, की बियांच्या तेलाने बोटांची कातडी जाते, त्यामुळे पेन धरायला सुरुवातीला त्रास होतो, पण ती रोज थोडे लिहून पाहते. तिने पुस्तके मागवली आहेत. तिला राहिलेला विषय द्यायचा आहे. इतिहास-भूगोल मिळून एकच विषय धरतात, म्हणून दोन्ही पेपर पुन्हा लिहावे लागतील. अर्ज मूळ शाळेतूनच भरावा लागतो, आणि केंद्रही हेच मिळेल. म्हणजे तिला इथे यावे लागेल. याच बाकांवर, याच गावातल्या रस्त्याने, आणि परीक्षा पुन्हा शिमग्याच्याच दिवसांत.

“आये नको म्हणता,” ती म्हणाली. “गाव काय इसारलो नसतलो, म्हणता. बाई, तुमीच सांगा. मी येव काय?”

तिचा आवाज पूर्वीसारखा हळू नव्हता. आवाजातले ते धीटपण ऐकून मला भीती वाटली. मी तिला म्हटले, विचार करून सांगते. त्यानंतर मी कुणाकुणाशी बोलून पाहिले. मुख्याध्यापक म्हणाले, येऊ दे, नियमात आहे. दुकानदार म्हणाला, “कोण, ता ‘वाट दाखवतत’? येवंदे, येवंदे,” आणि हसला. तो कसा हसला ते मी उलगडू शकले नाही. ती आली तर तिचा दाखला होईल, पुढचे शिक्षण होईल, एका घराण्यात पहिली परिचारिका होईल. ती आली तर त्याच अंगणात पुन्हा ढोल वाजेल, आणि या वेळी ती दाराला कुलूप लावून निघून न जाता ते ऐकेल, किंवा तिला ते सोसणार नाही. मी तिला स्कूटरवरून आणीन. पण बोंब स्कूटरने मागे टाकता येत नाही.

अर्जाची मुदत जवळ आली आहे. उद्या ती पुन्हा फोन करणार आहे. तुम्ही माझ्या जागी असता, तर तिला ‘ये’ म्हणाला असता का?